रसायनशाळेतील कवके : प्रस्तावना

एप्रिल १९४९मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्टिसोन या संप्रेरकाचा संधिवातावर होणारा परिणाम जगापुढे मांडला. सांधे आखडून अंथरुणाला खिळलेली माणसे काही दिवसांत उठून चालू लागली होती. पुढच्याच वर्षी हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. औषधाला मागणी अफाट होती, पण औषध मात्र चिमूटभरच होते. मर्क कंपनीत लुइस सॅरेट यांनी बैलाच्या पित्तातील डीऑक्सिकोलिक आम्लापासून कॉर्टिसोन बनवण्याचा मार्ग बसवला होता. त्यात ३०हून अधिक टप्पे होते, आणि सुमारे ६०० किलो आम्ल खर्ची घालावे तेव्हा एक किलो कॉर्टिसोन अ‍ॅसिटेट हाती येई. भाव ग्रॅमला २०० डॉलर होता. एवढा खटाटोप मुख्यतः एका ऑक्सिजन अणूपायी होता. कॉर्टिसोनला तो ११व्या कार्बनवर हवा असतो आणि पित्ताम्लात तो १२व्या कार्बनवर असतो. त्याला एक जागा सरकवण्यातच कितीतरी टप्पे खर्ची पडत.

१९५२ साली मिशिगन राज्यातील कॅलमझू येथे अपजॉन कंपनीतील ड्युरी पीटरसन आणि हर्बर्ट मरे यांनी हा पेच वेगळ्याच वाटेने सोडवला. मेक्सिकोतील रानकंदांतून मिळणाऱ्या डायोसजेनिनपासून प्रोजेस्टेरॉन बनवण्याची रीत रसेल मार्कर यांनी आधीच्या दशकात सिद्ध केली होती. पीटरसन आणि मरे यांनी हे प्रोजेस्टेरॉन रायझोपस वंशाची बुरशी वाढत असलेल्या द्रवात सोडले. बुरशीने नेमक्या ११व्या कार्बनवर हायड्रोजनच्या जागी हायड्रॉक्सिल गट बसवला. हे सारे पाण्यात, कोमट तापमानाला, हवेतला ऑक्सिजन वापरून आणि एकाच टप्प्यात झाले. या वंशातील रायझोपस निग्रिकन्स या जातीने तर ८० टक्क्यांहून अधिक उत्पादन दिले. शिळ्या पावावर काळे ठिपके उमटवणारी बुरशी ती हीच. संश्लेषणाची वाट आखूड झाली आणि कॉर्टिसोनचा भाव ग्रॅमला ६ डॉलरपर्यंत उतरला.

रासायनिक संश्लेषणात कवकांना जैवउत्प्रेरक म्हणून कामाला लावण्याच्या शास्त्राची ओळख करून देणारे हे पुस्तक आहे, आणि त्याचे जवळजवळ सगळे मूळ प्रश्न वरच्या एका घटनेत दिसतात. कसलेल्या रसायनज्ञांना जे ३० टप्प्यांत कष्टाने साधले, ते पावावरच्या बुरशीला एका टप्प्यात का साधले? स्टेरॉइडच्या त्या रेणूशी तिचा काय संबंध? तिची ही करामत आपण हेरायची कशी, वाढवायची कशी, आणि तिचा खरा खर्च मोजायचा कसा? या प्रश्नांना धरूनच पुढील प्रकरणे बेतली आहेत. त्यांतून एकच विचार मांडायचा आहे. कवकांची रासायनिक ताकद त्यांच्या जगण्याच्या रीतीतून आलेली आहे, आणि ती रीत समजून घेतल्याशिवाय त्यांच्याकडून चांगले काम करून घेता येत नाही. पीटरसन जीवरसायनज्ञ होते, तर मरे सूक्ष्मजीवतज्ज्ञ. हा योग अपघाताचा नव्हता. दोन शास्त्रे एका मेजाशी बसली, म्हणून ते काम झाले.

तेव्हा आधी जगण्याची रीत पाहू. कवक म्हणजे यीस्ट, बुरशी आणि अळंबी यांचा मिळून होणारा सजीवांचा स्वतंत्र गट. वनस्पतींप्रमाणे उन्हाच्या बळावर अन्न तयार करणे त्यांना जमत नाही, आणि प्राण्यांप्रमाणे अन्न गिळून पोटात पचवणेही जमत नाही. बुरशीचे तंतू अन्नातच शिरतात, विकरे बाहेर सोडतात आणि विकरांनी तोडून विरघळवलेले अंश शोषून घेतात. पचन शरीराबाहेर होते. या एका गोष्टीतून रसायनज्ञाच्या उपयोगाचे तीन गुण निघतात.

पहिला गुण टिकाऊपणाचा. पेशीबाहेर पडलेल्या विकराला पेशीचे संरक्षण नसते. माती, कुजका पाला, बदलती आम्लता, उन्हाचा ताव या सर्वांत त्याला तग धरावा लागतो. दुसरा गुण सोशिक निवडीचा. लाकडातील लिग्निनला ठरावीक पुनरावृत्त रचना नसते. म्हणून ते तोडणारे विकर एकाच आकाराच्या रेणूसाठी अडून बसले, तर कवक उपाशी राहील. तिसरा गुण विषाशी सामना करण्याचा. झाडे स्वतःच्या रक्षणासाठी राळ, टर्पिने, फिनॉले आणि स्टेरॉइडसदृश रेणू तयार करतात. अशा तेलकट, विषारी रेणूवर हायड्रॉक्सिल गट बसवला की तो पाण्यात अधिक विरघळतो आणि त्याची विल्हेवाट लावणे सोपे होते. या कामासाठी कवकांकडे सायटोक्रोम पी-४५० गटाची विकरे मोठ्या संख्येने असतात. माणसाच्या जनुकसंचात या गटाची ५७ जनुके आहेत, तर लाकूड कुजवणाऱ्या फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या एकट्या कवकात सुमारे १५० आहेत. प्रोजेस्टेरॉनवरची ती ‘करामत’ याच गटाच्या विकराची. रसायनज्ञाला ज्यातून मोलाचा मध्यस्थ रेणू मिळाला, ती प्रक्रिया बुरशीच्या दृष्टीने बाहेरच्या त्रासदायक रेणूची विल्हेवाट होती, असे मानायला जागा आहे.

या तीन गुणांचा पाठपुरावा करत हे क्षेत्र पसरले आहे. टिकाऊपणाचे सर्वांत ठळक उदाहरण अंटार्क्टिकातून आले. तेथील व्हांडा सरोवरातून मिळालेल्या कँडिडा अंटार्क्टिका या यीस्टचे लायपेज-बी आज सेंद्रिय रसायनाच्या असंख्य प्रयोगशाळांत सापडते. लायपेजचे निसर्गातले काम तेला-तुपातील एस्टर बंध पाण्याच्या साहाय्याने तोडण्याचे. त्याच्या गाभ्यात सेरीन, हिस्टिडीन आणि अ‍ॅस्पार्टेट अशी तीन अमिनो आम्ले जवळ आलेली असतात. सेरीनचा ऑक्सिजन एस्टरच्या कार्बनला भिडतो, आम्लाचा भाग क्षणभर विकरालाच जोडला जातो, आणि मग पाण्याचा रेणू येऊन तो भाग सोडवून नेतो. आता पाणी जवळजवळ काढून टाकले आणि त्याच्या जागी अल्कोहोल किंवा अमाइन ठेवले, तर विकराला जोडलेला तो भाग त्यांच्याकडे जातो. एस्टर किंवा अमाइड तयार होते. बंध तोडणारे विकर बंध जोडू लागते. १९८४मध्ये अलेक्सी झाक्स आणि अलेक्झांडर क्लिबानोव्ह यांनी डुकराच्या स्वादुपिंडातील लायपेज जवळपास कोरड्या सेंद्रिय द्रावकात १०० अंश सेल्सिअसलाही काम करते, असे दाखवले. विकरे फक्त पाण्यात आणि फक्त शरीराच्या तापमानाला चालतात, ही समजूत त्या शोधनिबंधाने ढिली केली.

या नव्या वापराला अंटार्क्टिकातले लायपेज फार सोयीचे ठरले. रेझिनच्या मण्यांवर ते बसवले की गाळून पुन्हा पुन्हा वापरता येते. थंड सरोवरातून आलेल्या यीस्टचे हे विकर टोल्यूइनसारख्या द्रावकात ६० ते ८० अंशांवरही टिकते. सौंदर्यप्रसाधनांत लागणारे मिरिस्टिल मिरिस्टेटसारखे एस्टर आता या विकराच्या साहाय्याने मुळीच द्रावक न घालता बनवले जातात. जुन्या रीतीत याहून बरेच जास्त तापमान लागे, आणि त्यात उमटलेला रंग व वास काढायला पुढे आणखी प्रक्रिया कराव्या लागत.

दुसऱ्या गुणाने, म्हणजे लिग्निन पचवण्याच्या सवयीने, आपल्याला ऑक्सिडीकरणाची साधने दिली. ऑक्सिडीकरण हे सेंद्रिय रसायनातले सर्वांत बदनाम काम. क्रोमियम आणि मँगेनीज यांची संयुगे वापरून ते अनेक दशके केले गेले, आणि त्या धातूंचा चिखल कारखान्यांच्या मागच्या अंगणात साठत गेला. ट्रॅमिटीस व्हर्सिकलरसारखी श्वेत-कुज कवके हेच काम लॅकेज या विकराने करतात. त्यात तांब्याचे चार अणू असतात. समोरच्या रेणूंकडून ते एकेक करून चार इलेक्ट्रॉन घेते आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या एका रेणूला ते देऊन पाण्याचे दोन रेणू बनवते. उपपदार्थ म्हणून उरते ते पाणीच. जीन्सच्या निळ्या कापडाला फिकेपणा आणण्यासाठी वस्त्रोद्योग कवकांचे लॅकेज वापरतो. तिथे क्लोरीनयुक्त विरंजकाची गरज त्याने कमी झाली. १९८३मध्ये फॅनेरोकीटमध्ये लिग्निन पेरॉक्सिडेज सापडले. पुढे २००४मध्ये जर्मनीत रेने उलरिख आणि मार्टिन होफरिख्टर यांच्या गटाने अ‍ॅग्रोसायबी इजेरिटा या खाद्य अळंबीत असे विकर शोधले, की ज्याला साध्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जोरावर निष्क्रिय कार्बन-हायड्रोजन बंधात ऑक्सिजन बसवता येतो. या विकरांना आज पेरॉक्सिजनेजे म्हणतात. पी-४५० विकरांना एनएडीपीएच हा महागडा सहघटक सतत पुरवावा लागतो, तसा यांना लागत नाही. मात्र पेरॉक्साइड जास्त झाले तर तेच विकराला मारते. त्यामुळे ते थेंबाथेंबाने देण्याची तंत्रे हा सध्या जोमाने चाललेल्या संशोधनाचा विषय आहे.

तिसऱ्या गुणाची, विषाशी सामना करण्याची, उदाहरणे स्टेरॉइडपुरती थांबत नाहीत. कर्व्ह्युलारिया ल्युनाटा ही बुरशी ११व्या कार्बनवर रायझोपसच्या उलट्या दिशेने हायड्रॉक्सिल बसवते, आणि हायड्रोकॉर्टिसोनच्या उत्पादनात तिचा वापर १९५०च्या दशकापासून झाला. कनिंगहॅमेला वंशातील बुरशा अनेक औषधांवर माणसाच्या यकृतात होणाऱ्या बदलांसारखेच बदल घडवतात. म्हणून नव्या औषधाचे शरीरात काय होईल याचा अंदाज घेण्यासाठी, आणि त्या रूपांतरित रेणूचे नमुने मिळवण्यासाठी, औषधशास्त्रज्ञ त्यांची मदत घेतात. आपल्या शेतकऱ्यांना कीडनाशक म्हणून ओळखीची असलेली बिव्हेरिया बॅसियाना ही बुरशीही या यादीत आहे. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने तिच्याकरवी फिनॉक्सिप्रोपिऑनिक आम्लाच्या बेंझिन कड्यावर नेमक्या चौथ्या जागी हायड्रॉक्सिल बसवण्याची प्रक्रिया औद्योगिक प्रमाणावर नेली. तणनाशकांच्या निर्मितीत लागणारा मध्यस्थ रेणू त्यातून मिळतो. किडीच्या अंगात शिरून जगणाऱ्या बुरशीकडे अनोळखी रेणू हाताळण्याची अशी तयारी असावी, हे तिच्या जगण्याशी सुसंगतच आहे.

या तिन्ही गुणांच्या जोडीला कवकांची आणखी एक देणगी आहे, आणि औषधनिर्मितीत तिला सर्वाधिक मोल आहे. अनेक औषधी रेणू डाव्या आणि उजव्या अशा दोन रूपांत असतात, पायातल्या चपलांसारखे. घटक तेच, जोडणी तीच, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. साध्या रासायनिक अभिक्रियेत दोन्ही रूपे निम्मी-निम्मी तयार होतात. विकर स्वतःच एकहाती रेणू असल्यामुळे त्याला हा फरक कळतो. ही गोष्ट सर्वप्रथम एका बुरशीनेच दाखवली. १८५८मध्ये लुई पाश्चर यांनी टार्टारिक आम्लाच्या क्षाराच्या द्रावणात पेनिसिलियम वाढवली, तेव्हा बुरशीने उजवे रूप खाऊन टाकले आणि डावे तसेच राहू दिले. पुढे १९२१मध्ये कार्ल नॉयबर्ग आणि युलियस हिर्श यांनी आंबत असलेल्या यीस्टमध्ये बेंझाल्डिहाइड टाकून फिनाइल-अ‍ॅसिटिल-कार्बिनॉल मिळवले. यीस्टच्या पायरुव्हेट डीकार्बॉक्सिलेज या विकराने दोन तुकडे जोडून एकाच रूपाचा रेणू बनवला होता. जर्मनीत क्नोल कंपनीने १९३०च्या दशकात याच अभिक्रियेवर एफिड्रिनची निर्मिती उभी केली. दम्याच्या औषधासाठी वनस्पतीवर अवलंबून राहण्याला त्यामुळे पर्याय मिळाला. १९६४मध्ये व्लादिमिर प्रेलॉग यांनी कर्व्ह्युलारियाच्या एका जातीवर केलेल्या कामातून कीटोनच्या क्षपणात हायड्रोजन कोणत्या बाजूने येतो, याचा नियम मांडला. एखादे यीस्ट किंवा बुरशी कोणते रूप देईल याचा अंदाज विद्यार्थी आजही आधी त्या नियमाने बांधतात.

इथवर वाचकाच्या लक्षात आले असेल, की काही ठिकाणी आपण जिवंत बुरशीला काम दिले आणि काही ठिकाणी तिच्यातून काढलेल्या विकराला. हा निर्णय या क्षेत्रातला पहिला व्यावहारिक निर्णय आहे. एनएडीपीएचसारखा सहघटक लागत असेल, किंवा विकर पेशीच्या पडद्याला चिकटलेले असेल, तर जिवंत पेशी परवडते. सहघटक ती स्वतः बनवते आणि पुन्हा भरून घेते. पण तीच पेशी उत्पादन पुढे पचवूही शकते, आणि तिच्यातली दुसरी विकरे नको असलेले उपपदार्थ करू शकतात. लायपेज किंवा लॅकेज यांसारख्या विकरांना सहघटक पुरवावा लागत नाही. तिथे शुद्ध विकर स्वच्छ काम करते. दोन्ही वाटांचा औद्योगिक पाया जुना आहे. १८९४मध्ये जोकिची ताकामिने यांनी गव्हाच्या कोंड्यावर अ‍ॅस्परजिलस ओरायझी वाढवून काढलेल्या विकरमिश्रणाचे अमेरिकी एकस्व घेतले. १९१७मध्ये जेम्स करी यांनी अ‍ॅस्परजिलस नायजर साखरेपासून सायट्रिक आम्ल भरपूर बनवते, मात्र माध्यम पुरेसे आम्लधर्मी ठेवले तरच, हे दाखवले. फायझर कंपनीने १९१९मध्ये ब्रुकलिनला त्याचे उत्पादन सुरू केले. सायट्रिक आम्लासाठी इटलीच्या लिंबांवर जग अवलंबून होते, ते हळूहळू सुटले. मधुमेही माणूस घरी रक्तातली साखर पाहतो, त्या पट्ट्यांपैकी अनेकांवर अ‍ॅस्परजिलस नायजरचेच ग्लुकोज ऑक्सिडेज असते.

आता तिसरी वाटही रुळली आहे, आणि ती म्हणजे बुरशीचे जनुक उचलून सोप्या यजमानात बसवण्याची. कोलेस्टेरॉल कमी करणारे लोव्हास्टॅटिन हे अ‍ॅस्परजिलस टेरियस या बुरशीत तयार होते. त्याच्यापासून सिम्वास्टॅटिन बनवायचे तर एक छोटी बाजूची साखळी बदलावी लागते, आणि त्यासाठी पूर्वी रेणूवर संरक्षक गट चढवणे-उतरवणे असे अनेक टप्पे लागत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या यी तांग यांच्या गटाने त्याच बुरशीतले लोव्ह-डी हे विकर जीवाणूत तयार करवून घेतले. कोडेक्सिस कंपनीने उत्क्रांतीचे तंत्र वापरून ते अधिक कार्यक्षम केले. २०१२मध्ये या कामाला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षीय हरित रसायन पारितोषिक मिळाले.

‘हरित’ हा शब्द आला, तेव्हा त्याचा हिशोबही मांडला पाहिजे. पॉल अ‍ॅनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८मध्ये हरित रसायनाची १२ तत्त्वे मांडली. त्याआधी १९९२मध्ये रॉजर शेल्डन यांनी एक साधे माप दिले होते, ते ई-गुणांक म्हणून ओळखले जाते. एक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा झाला, ते हा गुणांक सांगतो. मोठ्या प्रमाणावरच्या साध्या रसायनांत हा आकडा पाचाच्या आत असतो; औषधांत मात्र २५ ते १०० किंवा त्याहूनही वर जातो. औषधे थोडी बनतात, पण त्यांच्यामागचा कचरा डोंगराएवढा असतो. बुरशीने या आकड्यावर काय परिणाम केला, याचे उत्तम उदाहरण प्रीगॅबालिनचे आहे. मज्जातंतूंच्या वेदनेवरचे हे औषध फायझर कंपनी आधी दोन्ही रूपांत बनवी आणि अगदी अखेरीस मँडेलिक आम्लाच्या साहाय्याने हवे ते रूप वेगळे काढी. नको असलेल्या निम्म्या मालावर तोवर सगळा खर्च होऊन गेलेला असे. २००६मध्ये कंपनीने थर्मोमायसीस लॅन्युजिनोसस या बुरशीचे लायपेज पहिल्या टप्प्यांतच आणले. हे विकर मुळात कपडे धुण्याच्या पावडरीसाठी बाजारात आलेले होते. आता हवे-नको हे सुरुवातीलाच ठरू लागले, नको असलेले रूप पुन्हा वळवून घेता आले आणि अभिक्रिया पाण्यात होऊ लागल्या. ई-गुणांक ८६ वरून १७ वर आला.

तरीही या पुस्तकात कुठल्याही प्रक्रियेला केवळ जैविक आहे म्हणून हरित म्हटलेले नाही. त्याची कारणे वाचकाने सुरुवातीपासून मनात ठेवावीत. ई-गुणांकाच्या हिशोबात पाणी बहुधा धरत नाहीत. जिवंत बुरशीच्या प्रक्रियेत मात्र पाणी प्रचंड लागते, कारण तेलकट रेणू तिच्या माध्यमात लिटरमागे काही ग्रॅमच मावतात. शेवटी तो सगळा द्रव पुन्हा सेंद्रिय द्रावकाने धुऊन उत्पादन काढावे लागले, तर पाण्याने वाचवलेले सगळे द्रावकात जाते. तंतुमय बुरशी टाकीत वाढली की द्रव घट्ट होतो, ऑक्सिजन आत पोचवायला यंत्र जोराने ढवळावे लागते आणि विजेचा खर्च चढतो. उरलेल्या ओल्या वस्तुमानाचे काय करायचे, हा प्रश्न निराळाच. सुरक्षिततेचाही विचार हवा. कोजीसाठी, म्हणजे बुरशीने आंबवलेल्या धान्यासाठी, शतकानुशतके वापरली जाणारी अ‍ॅस्परजिलस ओरायझी आणि शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन निर्माण करणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या अगदी जवळच्या नात्यातल्या आहेत. म्हणून प्रयोगात ‘अ‍ॅस्परजिलस’ एवढेच लिहून चालत नाही. जात, वाणाचा क्रमांक आणि तो कोठून घेतला, हे लिहावे लागते. हा काटेकोरपणा शिकवणे या पुस्तकाचे एक काम आहे.

मराठी वाचकासाठी या विषयाला घरचे संदर्भही आहेत. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५०मध्ये सुरू झाली. तिथल्या पी. के. भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०मध्ये ‘नेचर’मध्ये एक टिपण प्रसिद्ध केले. टर्पेंटाइन तेलातील अल्फा-पायनीनवर अ‍ॅस्परजिलस नायजर ऑक्सिजन बसवते, असे त्यांनी दाखवले होते. त्यानंतरच्या त्यांच्या कामात व्हर्बेनोन आणि सोब्रेरॉल यांसारखे रेणू मिळाले. टर्पिनांवर कवकांचे रूपांतरण या विषयावरच्या लेखांत ते काम आजही उद्धृत होते. अपजॉनच्या शोधानंतर केवळ आठ वर्षांत पुण्यात हे घडले. त्याच प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि तिथल्याच संशोधकांनी कोनिडिओबोलस बुरशीच्या अल्कधर्मी प्रोटीएजवर दीर्घ काम केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत भारताचा राष्ट्रीय कवक-संवर्ध संग्रह आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, यीस्टकरवी फिनाइल-अ‍ॅसिटिल-कार्बिनॉल मिळवण्यावर काम झाले, आणि प्रा. गणपती यादव यांच्या गटाने लायपेजच्या अभिक्रियांच्या वेगाचा सविस्तर अभ्यास केला. विद्यार्थ्याने हे शोधनिबंध मुळातून वाचावेत. आपल्या शहरात, आपल्या माणसांनी, मर्यादित साधनांत केलेले काम म्हणून त्यांचा अभिमान वाटतोच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते काम आजही उपयोगी पडते.

हे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. तारापूर, रोहा, महाड, लोटे, कुरकुंभ, पाताळगंगा या औद्योगिक वसाहतींत महाराष्ट्राची कितीतरी रसायने आणि औषधांचे मध्यस्थ रेणू बनतात. तिथे काम करणारे बरेचसे रसायनज्ञ मराठी आहेत, आणि तिथल्या नद्या-खाड्यांच्या काठी राहणारी माणसेही मराठी आहेत. सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे वाढवणे गरजेचे आहेच. पण कचरा निर्माणच कमी व्हावा, ही पहिली जबाबदारी प्रक्रिया आखणाऱ्याची असते. क्रोमियमच्या जागी लॅकेज बसेल का, शेवटच्या टप्प्यावरचे विभाजन पहिल्या टप्प्यावर आणता येईल का, हे प्रश्न विचारणारा माणूस त्या वसाहतींत हवा. तो तयार व्हावा, हीच या लेखनामागची मुख्य इच्छा आहे.

दुसरी संधी सह्याद्रीत आहे. पावसाळ्यात पडलेल्या ओंडक्यांवर, पालापाचोळ्यात, राळ गळणाऱ्या खोडांवर जी कवके उगवतात, त्यांच्या रासायनिक क्षमतेचा अभ्यास अजून थोडाच झाला आहे. जगण्याची रीत ठाऊक असेल तर कोठे काय शोधावे हे कळते. राळेवर जगणाऱ्या बुरशीकडे टर्पिनांचे, कुजक्या लाकडावरच्या कवकाकडे फिनॉलांचे आणि तेलबियांच्या पेंडीवरच्या बुरशीकडे लायपेजचे कसब असण्याची शक्यता जास्त. असे संग्रहण २००२च्या जैविक विविधता कायद्याच्या नियमांत राहून करावे, आणि मिळालेले वाण अधिकृत संग्रहाकडे जमा करावेत. प्रयोगशाळेच्या शीतकपाटात नावाविना वाळून गेलेल्या संवर्धाचा कोणालाच उपयोग नसतो.

पुस्तकाच्या वाचनाविषयी थोडे. रसायनाच्या विद्यार्थ्यांनी कवकांच्या वाढीची आणि ओळखीची प्रकरणे वगळू नयेत, आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अभिक्रियांच्या यंत्रणेची प्रकरणे वगळू नयेत. जे परके वाटते तिथेच प्रत्येकाची उणीव आहे. तांत्रिक संज्ञा प्रचारातल्या ठेवल्या आहेत. शुद्ध मराठी प्रतिशब्दाच्या हट्टापायी कुणाला मूळ शोधनिबंध वाचताना अडखळायला लागू नये, असा विचार त्यामागे आहे. उद्योगातल्या वाचकांनी प्रत्येक प्रक्रियेच्या शेवटी दिलेला पाणी, द्रावक आणि ऊर्जेचा हिशोब आधी पाहिला तरी चालेल.

आणि ज्याला या क्षेत्रात पाऊल टाकायचे आहे, त्याने मोठ्या साधनांची वाट पाहू नये. बेकरीत मिळणारे यीस्ट, साखर, पाणी आणि इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट एवढ्यावर पहिला प्रयोग होतो. एक-दोन दिवसांत यीस्ट कीटोनचे क्षपण करून मुख्यतः एकाच रूपाचे अल्कोहोल देते, आणि महाविद्यालयातल्या ध्रुवणमापीवर ते तपासता येते. प्रयोग झाल्यावर वापरलेले प्रत्येक मिलिलिटर पाणी आणि द्रावक धरून ई-गुणांक काढावा, आणि आलेला आकडा चांगला असो वा वाईट, नोंदवहीत जसाच्या तसा लिहावा. या क्षेत्राला आज सर्वांत जास्त गरज अशाच प्रामाणिक नोंदींची आहे.